नोकरी गेल्यावर भत्ता घेत असताना कमी खर्चाचा कोर्स करता येतो का?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीतून कामगार कपातीत आपली नोकरी गेली असून भत्ता चालू असताना सीएनसीचा (संगणकाद्वारे चालणाऱ्या यंत्रांचा) कोर्स करावा का, असे आपण विचारले आहे. अवश्य करावा. आपल्या पगारपत्रकात ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) ०.७५ टक्के कपात दिसत असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच मिळू शकते. मात्र त्यासाठी किमान दोन वर्षांची विमापात्र (ईएसआय लागू असलेली) नोकरी आणि ठरावीक कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. अट बेरोजगार असण्याची आहे, त्यामुळे शिकण्यास आडकाठी नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ती आज लागू आहे का, हे ईएसआय कार्यालयात आधी विचारावे.

कामगार कपात कायद्यानुसार झालेली असेल, तर ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी आग्रहाने करावी, कारण तिच्यात कौशल्य प्रशिक्षणाची तरतूद आहे आणि बहुतेकांना ती ठाऊकच नसते. खासगी क्लासचे हजारो रुपये भरण्यापूर्वी कळंबा रस्त्यावरील शासकीय आयटीआयमध्ये अल्पमुदतीचे वर्ग आहेत का, ते पाहावे. कामावरून कमी केल्याचे पत्र मात्र कंपनीकडून लेखीच घ्यावे.