पेडल तळाला जातंय, आणि मदतीला घरची मंडळी

प्रश्न (देवगड तालुका): गाडी पावसाळाभर उभी होती. आता ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू तळाला जातं. डबीतलं ब्रेक ऑइल मात्र तेवढंच आहे. मुलगा पेडल मारेल आणि मी ब्रेकच्या लाइनमधली (नळ्यांतली) हवा काढेन, असा बेत आहे. नाही जमलं तर भाऊ दोर बांधून कणकवलीला नेतो म्हणतो. चालेल का?

उत्तर: दोर नकोच. ओढलेल्या गाडीला थांबायचं ते स्वतःच्याच ब्रेकने, आणि इंजिन बंद म्हणजे बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची, मदतही नाही. पहिल्याच उताराला ती भावाच्या डिकीत घुसेल. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर गाडी वर चढवून नेणारी टोइंग व्हॅन मागवा.

हवा काढायचीही घाई नको. लाइनमध्ये हवा असली की पेडल पिचपिचीत लागतं आणि भराभर मारलं की वर येतं. तुमचं तसं नाही. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, मग जोर लावून अर्धा मिनिट धरा. सरकत गेलं, चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही आणि पातळीही तीच, तर बहुधा मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) सील गेलंय. ऑइल आतल्या आत मागे फिरतं. अशा वेळी हवा काढून उपयोग शून्य. (पातळी उतरते पण ओल कुठेच नाही, असं असेल तर ऑइल बूस्टरमध्ये जात असू शकतं.)

मुलाची खरी गरज सिलिंडर बदलल्यावर. खाऱ्या हवेत मागच्या चाकांचे ब्लीडर (हवा काढायचे छोटे स्क्रू) गंजून धरतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि रिंग पानाच वापरा, बहुतेक ८ किंवा १० एमएमचा. उघड्या पान्याने कडा गोल होतात. गाडी जॅक स्टँडवर घ्या, खाली चिरे रचू नका. जांभा भाराने अचानक फुटतो. ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. मुलाने पेडल दाबून “दाबलंय” म्हणायचं, तुम्ही ब्लीडर पाव फेरा सोडायचा, बुडबुडे गेले की आवळायचा, आणि मगच “सोड”. आवळण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. तिसऱ्या माणसाला ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवायला सांगा. ती रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात पाहा. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा गेली असेल तर काही गाड्यांना स्कॅनर लागतो, तिथे गॅरेजच बरं. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

प्रश्न (वैभववाडी): करूळ घाट उतरताना जळका वास येतो, पेडल खाली जातं. थोडं थांबलं की पूर्ववत होतं.

उत्तर: ब्रेक ऑइल उकळतंय. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि किनाऱ्यावर ओलावा मुबलक. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशाला उकळतं. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. दर दोन वर्षांनी सगळं बदला, नुसतं वरून टॉप-अप करू नका. उतरताना दुसरा गिअर ठेवा. वास आलाच तर थांबा, पण तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. हँडब्रेकही ओढून ठेवू नका; रिव्हर्स गिअर टाकून चाकापुढे दगड लावा.