टीम लीडरला आयक्यू जास्त लागतो की ईक्यू, म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या भावना समजून वागायची क्षमता?
दोन्ही लागतं, पण माणसं सांभाळायची वेळ आली की ईक्यूचं पारडं जड, असं माझं मत. इस्रोचंच बघा ना, ऑगस्ट 1979 मध्ये एसएलव्ही-3 हे रॉकेट समुद्रात कोसळलं, मिशन डायरेक्टर होते कलाम, पण पत्रकारांसमोर अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि टीमची बाजू घेतली, अन् जुलै 1980 ला उड्डाण यशस्वी झालं तेव्हा मात्र कलामांना पुढे केलं. आता धवन काही कमी हुशार नव्हते हं, अमेरिकेतल्या कॅलटेक या नामांकित विद्यापीठाची पीएचडी होती, म्हणजे नुसता गोड स्वभाव असून भागत नाही. उलट आमचा एक जुना मॅनेजर, एक्सेलचा बादशहा, पण चूक झाली की सगळ्यांसमोर झापायचा, मग काय, पोरं चुका लपवायला लागली आणि क्लायंटच्या कॉलवरच सगळं बाहेर आलं.