मोबाइलवरील मतपेटी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मोबाइलवरून आपण मोठमोठ्या रकमा बिनदिक्कत पाठवतो आणि बँका त्याची हमीही देतात. मग त्याच फोनवरून मत देणे असुरक्षित आहे, असे तज्ज्ञ का म्हणतात?

उत्तर : बँकेचा व्यवहार सुरक्षित वाटतो, कारण तो गुप्त नसतो. पैसे कोणी पाठवले, कोणाला पाठवले आणि किती पाठवले, हे तुम्हाला, समोरच्याला आणि बँकेलाही ठाऊक असते. महिनाअखेरीस खातेपत्रक येते, चूक आढळली तर तक्रार करता येते आणि रक्कम परत मिळवता येते. फसवणूक होतच नाही असे नाही. ती होते, पण उघडकीस येते आणि तिचा तोटा अनेकदा बँक धंद्यातला खर्च म्हणून सोसते. मताच्या बाबतीत यांपैकी काहीच चालत नाही. तुम्ही कोणाला मत दिले, हे निवडणूक घेणाऱ्या यंत्रणेलाही कळता कामा नये, त्यामुळे तुमच्या नावाचे ‘मतपत्रक’ तुम्हाला घरी पाठवता येत नाही. बँकेची सारी सुरक्षितता नावानिशी ठेवलेल्या नोंदींवर उभी असते आणि गुप्त मतदान नेमक्या त्याच नोंदींना मनाई करते. बँकेच्या ॲपचा सांगाडा घेऊन त्यावर उमेदवारांची नावे चिकटवली की मतदानाचे ॲप तयार होते, ही समजूत म्हणूनच सोडून द्यायला हवी.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून मतदानाचे ॲप तयार करत आहोत. मतदाराची ओळख ओटीपी आणि चेहऱ्याच्या छायाचित्रावरून पटवतो आणि मत ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकाच वेळी जपल्या जाणाऱ्या सामाईक नोंदवहीत) नोंदवतो. परीक्षकांनी ‘यात गुप्तता कुठे आहे?’ असे विचारले. आराखड्यात काय कमी आहे?

उत्तर : परीक्षकांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. तुम्ही दार भक्कम केले आहे, पण आतल्या खोलीचा विचार अजून झालेला नाही. दारही दिसते तितके भक्कम नाही, कारण दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिम मिळवून ओटीपी पळवण्याचे प्रकार होतच असतात. त्याहून मोठी अडचण अशी, की चेहरा तपासणारी आणि मत स्वीकारणारी यंत्रणा एकच असेल, तर सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येक मतामागचे नाव वाचता येते. त्याने ते वाचू नये अशी नुसती अपेक्षा बाळगून भागत नाही. त्याला ते वाचताच येणार नाही, अशी रचना हवी.

एस्टोनियात 2005 पासून इंटरनेटवरून मतदान होते. तिथली मूळ कल्पना टपाली मतदानातल्या दोन पाकिटांची आहे. मत आतल्या कोऱ्या पाकिटात जाते आणि सही बाहेरच्या पाकिटावर होते. तुमच्या ॲपमध्ये याचा अर्थ असा, की फोनने प्रथम निवडणुकीच्या सार्वजनिक किल्लीने (जिने मत कोणालाही बंद करता येते, पण उघडता येत नाही) मत सांकेतिक रूपात बंद करावे आणि मग त्यावर मतदाराची डिजिटल सही करावी. मोजणीच्या वेळी सह्या तपासून काढून टाकाव्यात, बंद मते एकमेकांत मिसळावीत आणि त्यानंतरच ती उघडावीत. मिसळणाऱ्याने वाटेत मते बदलली नाहीत, याचा गणिती पुरावा त्याने द्यावा लागतो. एकेक मत न उघडता बंद मतांचीच बेरीज करून फक्त बेरीज उघडण्याची पद्धतही आहे. साध्या ‘हो-नाही’ मतदानाला ती अधिक सोयीची. दोन्ही पद्धतींत उघडण्याची खासगी किल्ली एका हाती ठेवू नये, परस्परांशी हितसंबंध नसलेल्या व्यक्तींमध्ये ती विभागावी.

आता ब्लॉकचेनविषयी. एकदा झालेली नोंद नंतर गुपचूप बदलता येऊ नये, यासाठी ती उपयोगी आहे. परंतु मत फोनमध्येच बदलले गेले, तर तीच चुकीची नोंद ती अढळपणे जपून ठेवील. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याने 2018 मध्ये परदेशस्थ मतदारांसाठी ‘वोट्झ’ हे ब्लॉकचेनचे नाव सांगणारे ॲप वापरले. 2020 मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांनी ते ॲप उलगडून पाहिले, तेव्हा फोनचा ताबा घेणाऱ्याला किंवा सर्व्हर हाताशी असणाऱ्याला मत बदलता येईल, असे त्यांनी दाखवले. मतदाराचे ॲप ब्लॉकचेनवरची नोंद स्वतः पडताळून पाहते, असेही त्यांना कुठे आढळले नाही. त्यातला एक दोष तुमच्या वयाच्या प्रत्येक प्रोग्रामरने लक्षात ठेवावा असा आहे : सांकेतिक रूपात पाठवलेल्या मजकुराची लांबी निवडलेल्या पर्यायानुसार कमीजास्त होत असे, त्यामुळे मजकूर न उघडताही मत ओळखण्याची सोय होती. म्हणून प्रत्येक मत पाठवण्यापूर्वी सारख्याच लांबीचे करावे. किल्लीच्या लांबीतही काटकसर नको. मॉस्कोतील 2019 च्या निवडणुकीपूर्वी तिथल्या ब्लॉकचेनवरील मतदान यंत्रणेचे सांकेतिक कवच फ्रेंच संशोधक पिएरिक गोद्री यांनी साध्या संगणकावर सुमारे 20 मिनिटांत फोडून दाखवले, कारण निवडलेल्या किल्ल्या फारच लहान होत्या. सार्वजनिक नोंदवहीवरचे बंद मत कायम तिथे राहते, हेही विसरू नका. आज न उघडणारे कुलूप वीस वर्षांनी उघडले, तर त्या दिवशीही मतदाराची गुप्तता जातेच.

प्रकल्प सादर करण्याआधी तुमचा सगळा कोड इतरांच्या हाती द्या आणि तो मोडून दाखवायला सांगा. वॉशिंग्टन शहराने 2010 मध्ये आपली इंटरनेट मतदान यंत्रणा अशीच चाचणीसाठी खुली केली होती. मिशिगन विद्यापीठाच्या चमूने 48 तासांच्या आत तिचा जवळजवळ पूर्ण ताबा मिळवला, मते बदलली आणि मत दिल्यावर विद्यापीठाचे गाणे वाजेल अशी खूणही सोडली. अधिकाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट लगेच आली नाही, आणि माझ्या मते घुसखोरीपेक्षा हीच बाब अधिक काळजीची होती.

प्रश्न : फोनमध्येच दडलेल्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) माझे मत बदलले आणि पडद्यावर मात्र मी निवडलेलेच नाव दाखवले, तर मला ते कसे कळावे? मत दिल्याची पावती देणे हा साधा उपाय नाही का?

उत्तर : कोणाला मत दिले हे सांगणारी पावती दिली, की ती पावती दाखवून मताचे पैसे घेता येतात आणि ती दाखवण्याची सक्तीही करता येते. म्हणजे तुमची खात्री पटावी, पण तीच खात्री तुम्हाला दुसऱ्याला पटवून देता येऊ नये, अशी ही पेचाची मागणी आहे. या क्षेत्रातील बहुतेक चांगले संशोधन याच पेचाभोवती फिरते.

यावर निरनिराळे मार्ग निघाले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये मतदाराला आधीच टपालाने एक कागद येतो आणि त्यावर प्रत्येक पर्यायापुढे वेगळा कोड छापलेला असतो. मत दिल्यावर सर्व्हरकडून येणारा कोड त्या कागदाशी जुळवून पाहायचा असतो. फोनमधल्या मालवेअरला कागदावरचे कोड ठाऊक नसतात, म्हणून त्याला खोटा कोड दाखवता येत नाही. एस्टोनियात 2013 पासून मत दिल्यानंतर पडद्यावर येणारा क्यूआर कोड दुसऱ्या उपकरणाने वाचून, ठरलेल्या मुदतीत आपले मत तपासता येते. इथे ‘दुसऱ्या’ हा शब्द मोलाचा आहे, कारण ज्या फोनवर संशय आहे त्यालाच त्याच्या प्रामाणिकपणाचा दाखला मागून उपयोग नाही. तिसरी युक्ती संशोधक जॉश बेनालो यांची. मत बंद झाल्यावर, पण पाठवण्यापूर्वी, मतदाराला ‘पाठवा’ किंवा ‘उघडून दाखवा’ असे दोन पर्याय द्यायचे. उघडून पाहिलेले मत बाद होते आणि मतदार नव्याने मत देतो. मतदार कोणता पर्याय घेईल हे फोनला आधी कळत नसल्याने, अनेकांची मते बदलू पाहणारे मालवेअर कोणाच्या तरी तपासणीत सापडण्याची शक्यता मोठी असते.

अडचण एवढीच, की तपासण्याची सोय दिली तरी फार थोडे मतदार ती वापरतात. म्हणून ही पायरी सेटिंगमध्ये लपवू नये, मतदानाच्या ओघातच ती समोर आली पाहिजे.

प्रश्न : मतदान केंद्रात आडोसा असतो, घरात तो नसतो. वडीलधाऱ्यांनी किंवा मालकाने शेजारी बसून मत द्यायला लावले तर?

उत्तर : याला पूर्ण उत्तर नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. अर्धे उत्तर पुन्हा मतदानाचे आहे. एस्टोनियात मुदत संपेपर्यंत कितीही वेळा ऑनलाइन मत देता येते, त्यातले शेवटचे धरले जाते, आणि मतदाराने केंद्रावर जाऊन कागदी मत दिले तर ऑनलाइन मत रद्द होते. त्यामुळे दडपण आणणाऱ्याला आपले काम फत्ते झाले याची खात्री राहत नाही. मात्र त्यासाठी ‘तुम्ही आधीच मत दिले आहे’ यासारखा संदेश ॲपने कुठेही दाखवता कामा नये. मुदत संपेपर्यंत फोन आणि ओळखपत्र काढूनच घेतले, तर मात्र हा उपायही लंगडा पडतो.

प्रश्न : दृष्टिहीन मतदारांना अशा ॲपचा लाभ होईल का?

उत्तर : होईल, आणि मोबाइल मतदानाच्या बाजूने केला जाणारा हा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद आहे. दुसऱ्याच्या मदतीशिवाय गुप्तपणे मत देण्याची संधी अनेकांना प्रथमच मिळू शकते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात 2011 मध्ये ‘आयव्होट’ ही दूरस्थ मतदानाची यंत्रणा सुरू झाली, ती प्रामुख्याने अशाच मतदारांचा विचार करून. त्याच यंत्रणेवर 2021 च्या स्थानिक निवडणुकांत ताण आल्याने काहींना मतच देता आले नाही आणि पुढे न्यायालयाने तीन ठिकाणचे निकाल रद्द केले. सर्व्हर कोलमडला तर मतदाराने कुठे जायचे, हे आधी ठरवणे हाही आराखड्याचाच भाग आहे.

प्रश्न : आमच्या संघटनेचे काही हजार सभासद निरनिराळ्या देशांत आहेत. कार्यकारिणीची निवडणूक मोबाइलवरून घ्यावी का?

उत्तर : घ्यावी. सार्वत्रिक निवडणुकीसाठी माझे मत वेगळे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या 2018 च्या अहवालाने, भरलेली मतपत्रिका इंटरनेटवरून परत पाठवू नये, असे बजावले आहे आणि त्यानंतरही ते मत बदलावे असे काही मला दिसलेले नाही. संघटनेच्या निवडणुकीत मात्र दडपणाचा आणि बाहेरच्या हल्ल्याचा धोका कमी असतो आणि वाद झालाच तर मतदान पुन्हा घेता येते. ‘हेलिऑस’ ही मुक्त प्रणाली अशाच वापरासाठी आहे. तिच्यात आपले बंद मत यादीत आहे की नाही हे सभासदाला पाहता येते आणि मोजणी कोणालाही पडताळता येते.

किल्लीचे वाटप मात्र नीट ठरवा. कूटशास्त्राच्या, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात बंद करण्याच्या शास्त्राच्या, संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2025 ची आपली निवडणूक हेलिऑसवरच घेतली. किल्लीचे तीन भाग तीन विश्वस्तांकडे होते आणि निकाल उघडायला तिन्ही लागणार होते. एका विश्वस्ताकडून त्याचा भाग कायमचा हरवला, निकाल उघडता आला नाही आणि जगातल्या निष्णात कूटतज्ज्ञांना मतदान नव्याने घ्यावे लागले. पुढे त्यांनी तिघांपैकी दोघे पुरतील असा नियम केला. तुम्ही पाच विश्वस्त नेमून त्यांतील तिघे पुरेसे ठेवा आणि मतदान सुरू होण्यापूर्वी नमुन्याची चार-सहा मते टाकून, प्रत्येकाच्या हातातला भाग खरोखर चालतो का, हे पाहून घ्या.