सिंगल शॉट .22 ला मॅगझीन बसवून रिपीटर करता येईल का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा, की वडिलांकडून तुमच्या परवान्यावर आलेली .22 ची सिंगल शॉट टार्गेट रायफल लेथवाल्याकडून पाच गोळ्यांची रिपीटर, म्हणजे दर वेळी हाताने गोळी न भरता मॅगझीनमधून पुढची गोळी घेणारी, करून घेता येईल का. रेंजवर वेळ वाचेल, शिवाय रात्री जागलीला डुकरांसाठीही कामी पडेल. माझं उत्तर: लेथवाल्याकडे जाऊच नका.

हा किडा माझ्याही डोक्यात वळवळला होता. वहीच्या पानावर चित्र काढून मी तालुक्याच्या लेथवाल्याकडे गेलो. मोटरचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना करणारा माणूस. त्याने कागद पाहिला, घडी घातली आणि माझ्याच खिशात कोंबला. "शाफ्ट आण, थ्रेशरची पुली आण. हे मले नको दाखवू. तू त जाशीनच, मलेबी घेऊन जाशीन."

त्याने कायदा वाचला नसेल, पण बोलला ते खरं. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे हत्यारात असा बदल करायला वेगळा परवाना लागतो. आपला परवाना फक्त बाळगण्याचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत.

लोखंडाच्या बाजूनेही हा सौदा घाट्याचाच. सिंगल शॉटच्या रिसीव्हरची, म्हणजे नळीमागे बोल्ट बसतो त्या लोखंडी सांगाड्याची, खालची बाजू बंद असते. त्याच भरीवपणामुळे तो गोळीगणिक तसूभरही लवत नाही. मॅगझीनसाठी तिथेच भोक पाडायचं म्हणजे ज्या गुणासाठी ती रायफल बनवली तोच काढून टाकायचा. शिवाय .22 ची गोळी नुसत्या मऊ शिशाची. हाताने सरकवली तर नाक शाबूत राहतं, मॅगझीनमधून वर चढताना घासली तर दबतं. रिपीटर हवीच असेल तर कारखान्यातूनच मॅगझीनसह आलेली परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या आणि रीतसर परवान्यावर चढवून घ्या. आता एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेवढं लक्षात असू द्या.

डुकराचं म्हणाल तर रानडुक्कर काय, रोही (नीलगाय) काय, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. आणि .22 ची गोळी असते जेमतेम अडीच ग्रॅमची. तिने डुक्कर पडत नाही, जखमी होऊन तुरीत शिरतं, अन् सकाळी निंदायला गेलेल्या बायांच्या अंगावर येतं. नुकसानीचा पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज टाका. मिळायला उशीर लागतो, मीही शिव्या घालतो, पण रस्ता तोच.

राहिला रेंजवरचा वेळ. ऑलिंपिकच्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) पात्रता फेरीला 60 गोळ्या आणि 90 मिनिटं असतात. म्हणजे गोळीमागे दीड मिनिट. भरायला लागतात पाच-सहा सेकंद. बाकीचा वेळ श्वासात, खांदा बसवण्यात आणि धरलेला नेम सोडून देण्यात जातो. त्या स्पर्धेत रायफल एकेक गोळी हातानेच भरायची असाच नियम आहे. 2024 ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं ते याच प्रकारात. पाच गोळ्यांची मॅगझीन बायथलॉनवाल्यांना लागते, कारण स्कीवरून धापा टाकत आलेल्या माणसाचं घड्याळ चालूच असतं. आपण चटईवर झोपून मारतो.

माझा वेळ खरं तर गोळी शोधण्यात जायचा. डबी कुशीपाशी, मग मान वळवायची, डावं कोपर हलायचं, की पुन्हा सगळी मांडणी पहिल्यापासून. मे महिन्यात बोटं घामेजलेली, गोळी दोनदा चटईवर पडायची. शेवटी गावच्या सुताराने सागवानाच्या तुकड्याला दहा-दहा भोकांच्या सहा रांगा पाडून दिल्या. गोळ्या उभ्या राहतात, शिसं वर. ठोकळा उजव्या हाताखाली असा ठेवायचा, की खांद्यातला दस्ता न हलवता बोट पोचावं. एक रांग संपली की दहा झाल्या, मोजायचंही काम नाही. सुताराने पन्नास रुपये मागितले आणि वर विचारलं, "अगरबत्त्या लावाले हाय का हे?"