गसची बढती आणि रोमचा जोगवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'द रोमन हॉलिडेज' ही हॅना-बार्बेराची जुनी कार्टून मालिका मराठीत आणायची म्हटली, तर तिच्यातल्या कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे गस हॉलिडेच्या, 'अ‍ॅम्बिशन'ला महत्त्वाकांक्षा म्हणावं का, की तो शब्द त्याच्या अंगाला ढगळ होतो? आणि जोडीला उपप्रश्न: शब्द मुळात लॅटिन, माणसं रोमन, मग खरा रोमन गसही हाच शब्द वापरत असणार ना? शिवाय पात्रांच्या नावांचं काय करायचं?

उपप्रश्न आधी घेतो, त्यात गंमत जास्त आहे. उत्तर: बहुधा नाही. आणि कोणी त्याच्याबद्दल तो शब्द वापरला असता तर शेजाऱ्यांनी विचारलं असतं, "कुठल्या पदासाठी उभा राहतोय?"

लॅटिन 'अँबितिओ' हा शब्द 'अँबिरे' या क्रियापदापासून आला. 'अँबि' म्हणजे भोवती, दोन्ही बाजूंनी. 'इरे' म्हणजे जाणे. संस्कृत येणाऱ्यांना दोन्ही तुकडे ओळखीचे वाटतील आणि ते वाटणं योग्यच आहे: 'अभितः' हा 'अँबि'चा सख्खा भाऊबंद, आणि 'एति'मधला 'इ' धातू 'इरे'चा. म्हणजे अँबितिओ ही मुळात मनातली गोष्टच नव्हे, पायांची आहे. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस गावभर फिरतो, भेटेल त्याचे हात हातात घेतो, मत मागतो, ते फिरणं म्हणजे अँबितिओ.

हे फिरणं किती जुनं, ते कायद्यांवरून कळतं. लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो की इ.स.पू. 358 मध्ये पोएतेलियसचा कायदा आला तो नव्याने वर येऊ पाहणाऱ्या उमेदवारांना वेसण घालायला. ही मंडळी आठवडी बाजार आणि खेडोपाडीचे मेळे गाठत हिंडायची, ते जुन्या घराण्यांना खुपलं. 'आठवडी बाजार' हे मी मराठीकरण म्हणून लिहिलेलं नाही. रोमनांचा बाजार खरोखरच दर आठव्या दिवशी भरायचा. त्याला ते 'नववा दिवस' म्हणत, कारण मोजताना दोन्ही टोकं धरायची त्यांची सवय. त्याहून जुनी नोंद इ.स.पू. 432ची आहे: उमेदवारीसाठी कपडे जास्तीचे पांढरे करायला बंदी. टोगा, म्हणजे रोमनांचं अंगावर गुंडाळायचं वस्त्र, मुळात लोकरीच्या रंगाचा, मळकट पांढरा. उमेदवार त्याला खडू चोळून लखलखीत करायचा, म्हणून तो 'कांदिदातुस', पांढरा केलेला. इंग्रजीतला 'कँडिडेट' तिथूनच आला. खादीच्या पांढऱ्याशुभ्र कुडत्यांवर इथे विनोद करायचा मोह होतो, पण तो आधीच बऱ्याच जणांनी केला आहे.

लॅटिनमध्ये या फिरण्याची दोन नावं झाली. अँबितिओ म्हणजे रिवाजाला धरून मतं मागणं, आणि 'अँबितुस' म्हणजे तेच, पण पैसे चारून. दुसरा गुन्हा. सीमारेषा कुठे, यावर वकिलांची पोटं भरत. इ.स.पू. 63 मध्ये प्रसिद्ध वक्ता आणि वकील सिसेरो कॉन्सल (रोममधलं वर्षभराचं सर्वोच्च पद) असताना त्याने स्वतः अँबितुसविरुद्ध कायदा आणला. शिक्षेत दहा वर्षांची हद्दपारी घातली, आणि उमेदवाराने निवडणुकीआधीच्या दोन वर्षांत ग्लॅडिएटरांचे खेळ भरवू नयेत असंही कलम घातलं. मग त्याच वर्षी मुरेना नावाचा नवनिर्वाचित कॉन्सल याच आरोपाखाली कोर्टात उभा राहिला. फिर्यादींत हरलेला उमेदवार सुल्पिकियस होता आणि कडक शिस्तीचा केटो होता. बचावाला कोण? सिसेरो. मुरेना सुटला आणि पुढच्या वर्षी रीतसर कॉन्सल झाला. अशा प्रसंगाला मराठीत काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको.

पैसा किती वाहायचा याची एक नोंद मला फार आवडते. इ.स.पू. 54च्या जुलैत सिसेरो मित्राला पत्रात कळवतो की निवडणुकीपायी व्याजाचा दर वर्षाला 4 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर गेला. उमेदवारांनी लाच वाटायला इतकी कर्जं उचलली की शहरातला पैसाच महाग झाला! लाच वाटायला स्वतंत्र दलाल असत, त्यांना 'दिविसोर' म्हणत, म्हणजे सरळ 'वाटप्या'. उमेदवाराबरोबर आणखी एक माणूस चाले, 'नोमेन्क्लातोर'. समोरून येणाऱ्याचं नाव मालकाच्या कानात कुजबुजायचं काम त्याचं, म्हणजे मालकाने "अरे, कसा आहेस!" म्हणत मिठी मारायला मोकळं. सिसेरोचा भाऊ क्विंटस याच्या नावावर निवडणूक लढवण्यासंबंधी एक पुस्तिका आहे. ती खरोखर त्याचीच का, यावर वाद आहे. तिच्यात कोट्टा नावाच्या पुढाऱ्याला अँबितिओमधला कसलेला कारागीर म्हटलंय. त्याची युक्ती काय, तर सगळ्यांना हो म्हणायचं आणि काम मात्र जिथे लावल्याने चीज होईल तिथेच करायचं.

तेव्हा मूळ अँबितिओला मराठी प्रतिशब्द शोधायचा तर 'महत्त्वाकांक्षा' उपयोगाचा नाही. आपल्याकडे त्याहून नेमकी सामग्री पडून आहे. 'खेटे घालणे' घ्या, 'उंबरठे झिजवणे' घ्या, दोन्हींत पायच आहेत. आणि सगळ्यांत चपखल म्हणजे वर्तमानपत्रांचा लाडका 'मतांचा जोगवा'. परडी घेऊन दारोदार फिरायचं, देवीच्या नावाने मागायचं, आणि मागण्यात कमीपणा नाही उलट मान आहे, हे सगळं त्यात आलं. रोमनांचंही नेमकं तसंच होतं. खानदानी सेनापतीने बाजारात चांभाराचा हात हातात घ्यायचा आणि त्याची लाज वाटू द्यायची नाही, हा त्यांच्या राजकारणाचा रिवाजच होता. फरक इतकाच की जोगवा मागणारी स्वतःसाठी मागत नाही.

इथे एखादा लॅटिनचा जाणकार हात वर करील, आणि बरोबरच करील. अर्थ पायांतून मनात शिरायला रोमनांच्याच काळात सुरुवात झाली होती. सॅलस्ट हा इतिहासकार इ.स.पू. पहिल्या शतकातच अँबितिओला मनाचा विकार म्हणून लोभाशेजारी बसवतो आणि म्हणतो की हा दुर्गुण खरा, पण सद्गुणाच्या जास्त जवळचा. पुढे फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला तेव्हा तिथेही बराच काळ दुर्गुणच होता. नोकरीच्या अर्जात अभिमानाने लिहावा असा तो व्हायला आणखी काही शतकं लागली.

आता मालिकेकडे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: 1972 मध्ये अमेरिकेत एनबीसीवर शनिवारी सकाळी लागायची, एकूण 13 भाग. हॅना-बार्बेराने 1960 मध्ये अश्मयुगातलं कुटुंब दाखवलं ('द फ्लिंटस्टोन्स'), 1962 मध्ये भविष्यातलं ('द जेट्सन्स'), आणि तोच साचा इथे रोममध्ये बसवला. साल इ.स. 63. गस हा फोरम कन्स्ट्रक्शन कंपनीत इंजिनिअर, त्याचा साहेब मिस्टर टायकूनियस, घरमालक मिस्टर एव्हिक्टस, आणि घरात पाळलेला सिंह ब्रूटस, ज्याच्यापायी घरमालक यांना बाहेर काढायला टपलेला. विनोदाची किल्ली एकच: माणसं 1972च्या अमेरिकी उपनगरातली, अंगावर फक्त टोगा.

म्हणजे गसची अँबिशनही 1972चीच. पगार, बढती, घर टिकवणं, साहेबाची मर्जी. खऱ्या रोममध्ये चढायच्या पायऱ्या वेगळ्या होत्या, निवडून मिळणाऱ्या सरकारी पदांच्या: क्वेस्टर, एडाइल, प्रीटर, कॉन्सल. प्रत्येकीला वयाची अट, सुल्ला या हुकूमशहाच्या नियमांप्रमाणे क्वेस्टरला 30 आणि कॉन्सलला 42. पगार शून्य, उलट खिशातून घालायचे. ठेकेदाराच्या हाताखालचा पगारी माणूस या जिन्याच्या खालच्या पायरीवरही नसायचा.

आणि मालिकेने निवडलेलं साल तर फारच गंमतीचं आहे. इ.स.पू. 63 हे सिसेरोचं, लाचेविरुद्धच्या कायद्याचं आणि मुरेनाच्या खटल्याचं. मालिकेचं इ.स. 63. मधला 'पू.' गळला आणि सगळंच बदललं. इ.स. 14 मध्ये सम्राट टायबेरियसने निवडणुका मैदानातून उचलून सिनेटच्या हाती दिल्या. टॅसिटस हा इतिहासकार सांगतो की लोकांनी नुसती कुरकुर केली, आणि सिनेटर खूश झाले, कारण पैसे चारणं आणि लाचारीने हात जोडणं वाचलं. म्हणजे गसच्या रोममध्ये दारोदारचा जोगवा संपलेलाच होता. वर येऊ पाहणाऱ्याने आता एकाच उंबरठ्यावर डोकं टेकायचं, सम्राट नीरोच्या. तेव्हा नकळत का होईना, मालिकेने बरोबर नेम साधला आहे. ज्या रोममध्ये मतदाराची मनधरणी जाऊन साहेबाची मनधरणी आली, त्या रोममध्ये गस राहतो.

गंमत म्हणजे शब्द मात्र तेव्हाही खडूसकट जिवंत होता. इ.स. 62 मध्ये, म्हणजे मालिकेच्या सालाच्या आदल्याच वर्षी वारलेला पर्सियस हा उपहासकवी 'खडू फासलेली अँबितिओ' असा शब्दप्रयोग करतो. ती बाई माणसाला चुचकारत, आ वासून मागे मागे यायला लावते, असं तो म्हणतो. आणि पुढचा त्याचा सल्ला: जागा राहा, भांडणाऱ्या गर्दीवर सढळ हाताने हरभरे उधळ, म्हणजे म्हातारे उन्हात बसून आपल्या उत्सवाची आठवण काढतील. तिकडे उमेदवार जनतेवर हरभरे उधळायचा, आपल्याकडे जनता उमेदवाराला हरभऱ्याच्या झाडावर चढवते. (सिसेरोचं आडनावही 'किकेर' म्हणजे हरभऱ्यावरूनच आलंय, पण तो विषय इथेच सोडतो.)

रोममध्ये मतं आटली तरी गावोगावच्या नगरपालिकांच्या निवडणुका चालूच होत्या. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर प्रचाराच्या रंगवलेल्या ओळी हजारोंनी सापडल्या आहेत. 'अमक्याला निवडून द्या ही विनंती' एवढं म्हणायला ते तीनच अक्षरं काढत, ओ, व्ही, एफ. एका उमेदवाराची शिफारस 'चांगला पाव देतो' अशी आहे. आणि चेरिनियस वाटिया नावाच्या एकाला एडाइल करा असं सांगणाऱ्या ओळी बघा: एकीत 'रात्री उशिरापर्यंत पिणारे समस्त' पाठिंबा देतात, दुसरीत 'भुरटे चोर', तिसरीत 'झोपाळू'. हे विरोधकांचं काम की मित्रांची थट्टा, यावर अभ्यासक अजून भांडतात. उशिरापर्यंत पिणाऱ्यांच्या ओळीखाली रंगवणाऱ्यांची सहीसुद्धा आहे, फ्लोरस आणि फ्रुक्टस. मला विचाराल तर अँबितिओवरचा खरा रोमन कार्टून विनोद हाच. तो हॅना-बार्बेराच्या हाती लागला नाही याची हळहळ वाटते.

मुख्य प्रश्न राहिला: गससाठी कुठला मराठी शब्द?

'महत्त्वाकांक्षा' (दोन 'त' लिहा, महत् + त्व, एका 'त'चं 'महत्व' सगळीकडे दिसतं म्हणून ते बरोबर होत नाही) हा शब्द आपल्याकडे दोन आवाजांत बोलला जातो. मुलगी परदेशी शिकायला निघाली की "महत्त्वाकांक्षी आहे हो" असं कौतुक होतं, आणि पुढाऱ्याबद्दल "त्यांची महत्त्वाकांक्षा आता लपून राहिलेली नाही" असं लिहिलं की ती तक्रार असते. 'महत्त्वाकांक्षी प्रकल्प' हा तिसरा प्रकार. तो इंग्रजीतून उचललेला आहे आणि मला खटकतो, कारण आकांक्षा असलीच तर ती मंत्र्याला असते, उड्डाणपुलाला नव्हे. पण आवाज कुठलाही असो, शब्दात मोठेपणा आहे. गसला मोठं व्हायचं नाहीये. त्याला साहेबाने ओरडू नये आणि घरमालकाला सिंह दिसू नये, एवढंच हवंय. तिथे महत्त्वाकांक्षा घातली की हसू येईल, पण ते भाषांतराला.

'ईर्षा' चालेल का? मराठीत ती संस्कृतसारखी नुसती मत्सर राहिलेली नाही. 'ईर्षेने खेळला' यात जिद्द आहे. पण तिला समोर प्रतिस्पर्धी लागतो, आणि गसची कोणाशी चुरस नाही. 'हव्यास' आणि 'हाव' यांत दोष ठरवून टाकल्यासारखं होतं.

माझी पसंती 'उमेदवारी'ला, पण तिच्या जुन्या अर्थाने. आज उमेदवार म्हटलं की निवडणूकच आठवते. मूळ फारसी शब्दाचा अर्थ मात्र नुसता उमेद बाळगणारा, आशेवर असलेला. आपल्याकडे नोकरीच्या आशेने कचेरीत बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर राबण्याला 'उमेदवारी करणे' म्हणत. साहेबाची मर्जी बसेल आणि आपण कायम होऊ, या एका आशेवर कारकून वर्षं काढायचे. गसला इंजिनिअरचा पगार मिळतो हे खरं, पण टायकूनियसच्या समोर तो जसा उभा राहतो ते हुबेहूब हेच. "इतकी वर्षं उमेदवारी केली, आता तरी बढती द्या" हे वाक्य त्याच्या तोंडी देऊन पाहा. बसतं. आणि त्याच वाक्यात रोमचा पांढरा केलेला उमेदवारही हळूच डोकावतो, तो फायदा वेगळाच. एरवी जिथे नुसतीच घाई दाखवायची असेल तिथे 'गुडघ्याला बाशिंग बांधून' आहेच.

नावांचं काय करायचं तेही विचारलं आहे. 'एव्हिक्टस' तसंच ठेवा. खऱ्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पुरता हरलेला' असा होतो, आणि घरमालक दर वेळी हरतोच. 'टायकूनियस' मात्र खुशाल बदला, कारण तो रोमन नाहीच: 'टायकून' हा जपानी 'ताइकुन'वरून आला, परदेशी लोकांपुढे शोगुनसाठी वापरायची ती पदवी, आणि इंग्रजीत शिरली एकोणिसाव्या शतकात. त्याला 'शेठियस' म्हणा. मुलं पहिल्या झटक्यात समजतील.