लोणारला काठावरून परत फिरू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अजिंठा-वेरूळच्या सहलीतच जाता जाता लोणार उरकायचं म्हणतेस, तो बेत बदल. काठावर उभं राहून फोटो काढायला वीस मिनिटं पुरतात, पण लोणारला ज्यासाठी जायचं ते खाली उतरल्यावरच दिसतं. एक अख्खा दिवस काढ. आदल्या रात्री गावातच मुक्काम कर आणि सकाळी सातच्या सुमारास उतरायला लाग.

लोणार म्हणजे उल्का आदळून झालेलं विवर आणि त्याच्या तळाशी सरोवर. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. उतरताना पाण्याकडे नंतर बघ, आधी कडेचा खडक बघ. सह्याद्रीच्या घाटात काळ्या खडकाचे थर भाकरीच्या चळतीसारखे आडवे असतात. इथे तेच थर विवराच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला कललेले दिसतील. आघाताने काठ उचलला गेला, त्याची ही खूण. त्याच्या वर दगड-मातीचा जो अस्ताव्यस्त थर दिसतो, तो आतून उडून बाहेर पडलेला माल.

हे ज्वालामुखीचं मुख असावं, असंही बराच काळ मानलं जाई. 1970च्या दशकात तळात विंधन छिद्रं घेतली तेव्हा मॅस्केलिनाइट सापडलं. खडकातला स्फटिक न वितळता, केवळ धक्क्याने काचेसारखा झाला की ते बनतं. एवढा जबर धक्का ज्वालामुखीत बसत नाही, उल्का आदळली तरच बसतो. वयाबद्दल मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने सुमारे 52,000 वर्षं येतात, तर दुसरीने सुमारे 5,70,000. मार्गदर्शकाने एकच आकडा ठासून सांगितला, तर कोणत्या पद्धतीने काढला ते जरूर विचार. चंद्र-मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात, कारण तिथलाही बराचसा खडक बेसाल्टच, म्हणजे हाच काळा खडक, आहे आणि बेसाल्टात इतकं शाबूत राहिलेलं विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ.

पाणी तपासायला घरून हळदीचे कागद करून ने. दोन चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये अर्धा चमचा हळद कालव, शाई टिपायच्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडव आणि सावलीत वाळव. वरच्या बाजूला गोड्या पाण्याची धार आहे, तिच्यात पट्टी पिवळीच राहील. सरोवराच्या काठाशी टोक बुडवलंस की लालसर तपकिरी होईल. चुना लावून हळदीचं कुंकू होतं, तोच हा गुण. पाणी नुसतं खारं नाही, चांगलंच अल्कधर्मी आहे. लिंबू पिळलंस की पट्टी पुन्हा पिवळी. हात लगेच स्वच्छ पाण्याने धू, डोळ्यांना लावू नकोस. बारा महिने वाहणारी गोड्या पाण्याची धार आणि खाली हे असं पाणी, दोन्ही एका सकाळी स्वतः तपासून बघता येतात.

गुलाबी पाण्याच्या आशेने जाऊ नकोस. जून 2020 मध्ये पाणी घटून क्षार वाढले, तेव्हा मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासलं. ते जीव तळाशी बसले आणि रंग ओसरला. एरवी पाणी हिरवट असतं.

चूक होते ती वेळेची आणि पादत्राणांची. उतरताना काही वाटत नाही, पण परत येताना चाळीसेक मजल्यांची चढण असते आणि त्या वाटीत वारा फिरत नाही. मार्च ते मे नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतसुद्धा दहा-साडेदहापर्यंत चढायला लाग. चप्पल सुट्या मुरुमावर घसरते, म्हणून खाचांच्या तळव्याचे बूट घाल. माणशी दोन लिटर पाणी वरूनच ने. काठालगतचा चिखल वरून सुकलेला दिसतो, पण पाय आत रुततो. पाणी चढलेलं असेल तर कमळजा देवीच्या देवळाकडची वाट बुडते, निघण्यापूर्वी वनखात्याच्या माणसाला विचार. हे अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. एकही खडा खिशात घालू नकोस.

दुपारी गावातलं दैत्यसूदन मंदिर बघ. लोणासुराच्या वधाची कथा तिथल्या छतावर कोरलेली आहे, आत अंधार असतो, टॉर्च ने.

रेल्वेने आलीस तर जालन्याला उतर. पुढचा रस्ता सिंदखेडराजावरून जातो. जिजाऊंच्या जन्मस्थळी तासभर थांबायला वेळ ठेव.

तुझी,
ताई