टपालाने मागवलेल्या चूर्णाने वडिलांचा संधिवात तीन दिवसांत थांबला. ते पुढे चालू ठेवावे का?

आपल्या 76 वर्षांच्या वडिलांची गुडघेदुखी जाहिरात पाहून मागवलेल्या चूर्णाने तिसऱ्याच दिवशी थांबली आणि गेले दोन महिने ते रोज दोन पुड्या घेत आहेत, असे आपण लिहिले आहे. मी तालुक्याच्या गावी 26 वर्षे मेडिकल चालवतो आणि माझ्या आईच्या बाबतीत हेच घडले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आधी एक कळकळीची विनंती: पुड्या स्वतःहून एकाएकी बंद करू नका, उद्याच उरलेल्या पुड्या पाकिटासह घेऊन फिजिशियनकडे जा.

वर्षानुवर्षे झिजलेला गुडघा तीन दिवसांत मोकळा करणारी वनस्पती मला ठाऊक नाही. इतका झटपट गुण बहुधा स्टिरॉइडचा असतो. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा चूर्णांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड किंवा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मिसळलेले तपासणीत वारंवार सापडले आहे. अशाच पुड्या घेताना आईची भूक वाढली, गाल भरले, शेजारच्या बायका तब्येत सुधारली म्हणून कौतुक करू लागल्या, आणि औषधांच्या धंद्यात असूनही मला त्यात काही खटकले नाही. पुढे भाजी चिरताना हाताला जरासा धक्का लागला तरी कातडीवर जांभळे डाग उमटू लागले, आणि कधीही मधुमेह नसलेल्या आईची साखर 280 निघाली. घाबरून आम्ही पुड्या बंद केल्या, तर चौथ्या दिवशी उलट्या, ग्लानी आणि वरचा रक्तदाब 80 पर्यंत उतरलेला. स्टिरॉइड बाहेरून मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी शरीराला लागणारे स्टिरॉइड स्वतः बनवण्याचे काम थांबवतात आणि त्या पुन्हा जाग्या व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू उतरवावी लागते.

त्या रात्री मी पाकीट दिव्याखाली धरून पाहिले. ‘संधिवात मुळापासून बरा’ हे ठळक अक्षरांत होते; उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत यांपैकी काहीच नव्हते. संधिवात बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या कायद्याने मुळातच निषिद्ध आहे. आपल्याही पाकिटावर असेच असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार अवश्य करा.

चोळायच्या मलमांना माझा विरोध नाही. त्यांतील मिथाइल सॅलिसिलेट, कापूर, मेंथॉल यांनी तात्पुरता आराम पडतो. मात्र वडील रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी घेत असतील, तर डॉक्टरांना विचारूनच लावा आणि मलमावर शेक देऊ नका. महायोगराज गुग्गुळात नागभस्म, म्हणजे शिशाचे भस्म असते, तेव्हा तो जाणत्या वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

पुड्या उतरताना दुखणे परत डोके वर काढेल, याची वडिलांना आधीच कल्पना द्या. आईला त्या काळात फिजिओथेरपिस्टने खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरण्याचा व्यायाम आणि दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरून चालणे शिकवले. त्या काठीच्या आधाराने ती आज देवळापर्यंत जाऊन येते.